सातव्या मजल्यावरचा झारा

साईटवर काकांना भोंगा म्हणत. तोंडावर साहेब, आणि पाठ वळली की भोंगा. ते फोरमन होते. खाली वाळूच्या ढिगाशी उभं राहून ते वरच्या मजल्यावरच्या गवंड्याची खरडपट्टी काढायचे, तेव्हा शेजारच्या इमारतीवरचा गवंडीसुद्धा आपलंच काहीतरी चुकलं असं समजून थापी खाली ठेवायचा. असा तो आवाज. पण ही गोष्ट काकांची नाही, त्यांच्या बायकोची आहे, म्हणजे काकूंची. काकूंना त्या आवाजाची कधीच भीती वाटली नाही. त्यांना भीती होती ती एकाच गोष्टीची, की हा माणूस एक दिवस कायमचा घरी बसेल.

भीती उगाच नव्हती, अनुभवाची होती. सगळं आयुष्य परांचीच्या फळ्यांवरून धावलेले काका एकदा घरच्या मोरीत घसरले आणि पाय मोडून घेतला. पहिला आठवडा पलंगावर गेला, तो बरा गेला. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी खुर्ची स्वयंपाकघराच्या दारात आणायला लावली आणि काकूंच्या संसाराची साईट झाली. मोजपट्टी निघाली. फळीवरचे डबे उंचीप्रमाणे लावले गेले, त्यामुळे साखर कुठे गेली ते कुणालाच कळेना. भाजी चिरताना सुरी कुठल्या बाजूला ठेवायची, ओटा पुसताना हात कुठून कुठे न्यायचा, कुकरच्या दोन शिट्ट्यांमध्ये किती वेळ जायला हवा, सगळ्यावर शेरे. काकू कधी कधी न्हाणीघराची कडी लावून आत नुसत्याच बसून राहायच्या. पायाचं प्लास्टर निघालं त्या दिवशी डॉक्टरांपेक्षा काकूच जास्त हसत होत्या.

बरं, एवढे दिवस स्वयंपाकघरात ठाण मांडलेल्या माणसाने शेगडीमागच्या भिंतीचं काही करावं की नाही? ती भिंत म्हणजे नुसते पोपडे. तेलाचा काळा थर, त्याखाली ओल, आणि मधोमध खिळ्याला काकूंचा झारा. काकू कितीदा म्हणाल्या, "अहो, एवढं प्लास्टर करून द्या." काका म्हणाले, "ते गवंड्याचं काम. मी फोरमन आहे." तेव्हा काकू वैतागून बोलून गेल्या, "पुन्हा जर घरी बसलात ना, तर मी ताईकडे राहायला जाईन. कायमची." वैतागात माणूस काय वाटेल ते बोलतो. काकू विसरूनही गेल्या.

मग साईटवर टॅब आला.

टॅबबरोबर मॅडम आल्या. मॅडम तरुण होत्या, इंजिनिअर होत्या, आणि कंपनीने त्यांना खास जुन्या लोकांना नवं शिकवायला नेमलं होतं. त्यांनी सिमेंटच्या गोदामाच्या दारावर "बदलाला घाबरू नका" असा कागद चिकटवला. पद्धत साधी होती. काम झालं की त्याचा फोटो टॅबमध्ये टाकायचा. फोरमनने तो पाहून हिरवं बटण दाबायचं, त्यावर लिहिलं होतं "मंजूर", नाहीतर लाल, त्यावर लिहिलं होतं "पुन्हा करा". सूचनाही त्यातूनच लिहून पाठवायच्या, त्या कामगारांच्या फोनवर जातील. ओरडायचं नाही. आणि शेवटी मॅडमनी गोड आवाजात सांगितलं, की ज्या फोरमनला टॅब जमेल त्याला कंपनी पुढच्या साईटवर नेईल. ज्यांना जमणार नाही त्यांना मानाने घरी पाठवेल.

काकांनी घरी येऊन टॅब पलंगावर टाकला. "मी काही हे शिकणार नाही," ते म्हणाले. "पाठवू देत घरी. मानाने पाठवतायत, वाईट काय त्यात?"

हे ते इतक्या हळू आवाजात म्हणाले, की दुसऱ्या कुठल्याही बायकोला संशय आला असता. पण काकूंच्या डोळ्यांसमोर मोजपट्टी दिसत होती, उंचीप्रमाणे उभे राहिलेले डबे दिसत होते. त्यांनी ओले हात पदराला पुसले आणि टॅब उचलला.

"तुम्ही नका शिकू," त्या म्हणाल्या. "मी शिकते. तुम्ही फक्त फोनवर फोटो काढून मला पाठवा. बाकी मी बघते."

"तुला काय कळतंय साईटमधलं?"

"लग्न झाल्यापासून जेवताना दुसरं काय ऐकलंय मी?"

हे खरंच होतं. या घरात वरणापेक्षा जास्त सिमेंट वाढलं जायचं. कोणता गवंडी कोपरे वाकडे काढतो, कोण पाणी मारायला टाळाटाळ करतो, कोणाच्या घरी काय चाललंय, काकूंना सगळं तोंडपाठ. फक्त एकही माणूस डोळ्यांनी पाहिलेला नव्हता. काका तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटले, पण फोटो पाठवू लागले. टॅब घरीच राहिला, डब्यांच्या फळीवर, चहाच्या डब्याला टेकून.

पहिल्या काही दिवसांत काकूंची तारांबळ उडाली. नंतर मात्र त्यांना गंमत वाटू लागली, आणि खरी गंमत त्या लाल बटणात होती. विचार करा, एवढा संसार झाला, पण "पुन्हा करा" असं म्हणण्याची सोय काकूंना कोणी दिली होती? ना नवऱ्याच्या बाबतीत, ना दूधवाल्याच्या. आता ते बटण त्यांच्या बोटाखाली होतं. वाकडा कोपरा दिसला, दाबलं. खिडकीखाली भेग दिसली, दाबलं. एक भिंत तर फक्त तिच्याकडे बघून बरं वाटेना म्हणून दाबलं. भाजी फोडणीला टाकायची, एक मजला बघायचा, भाजी हलवायची, पुढचा मजला.

काकांच्या फोटोंची त्यांना ओळख पटली. काकांचा फोटो कायम तिरका, आणि त्यात त्यांची हेल्मेटवाली सावली हटकून पडलेली. काही फोटो मात्र सरळ असायचे आणि त्यांच्या कोपऱ्यात कोणाचा तरी अंगठा, काळ्या नखाचा. गलथानपणा, काकू म्हणायच्या, आणि पुढे जायच्या.

सूचना लिहिण्याची तऱ्हाही काकूंची स्वतःची होती. काका म्हणायचे, "सांग त्या गाढवाला, कोपरा वाकडा आलाय." काकू लिहायच्या, "कोपऱ्याला ओळंबा लावून पाहा, मधे थोडा आत गेलाय. काल जेवला नाहीत म्हणे. आज जेवलात का?" ज्याच्या मुलीला ताप होता त्याला तापाचं विचारायच्या. ज्याचं बायकोशी वाजलं होतं त्याला लवकर घरी जायला सांगायच्या.

कामगार चक्रावले. समोर उभा असला की हा माणूस डोकं फिरल्यासारखा ओरडतो आणि फोनवर पाहिलं तर आईची माया. पण माया कोणाला नको असते? लाल बटण आलं तरी कोणी कुरकुरेना. लोक मुकाट्याने भिंत पुन्हा करू लागले आणि दुपारी काकांना स्वतःहून सांगू लागले, "साहेब, जेवलो." काका म्हणायचे, "मग मी काय करू?" आणि गोंधळून पुढे जायचे.

सगळ्यात खूष होत्या मॅडम. साईटवरच्या सगळ्या फोरमनमध्ये भोंग्याचं काम पहिलं. त्यांनी मुख्य ऑफिसात पडद्यावर काकांचा फोटो लावून भाषण दिलं, की योग्य ट्रेनिंग मिळालं तर वयस्कर माणसाचा स्वभावसुद्धा बदलतो. काका त्या दिवशी घरी आले ते तोंड पाडून. "पुढच्या साईटला नेणारच म्हणतायत," ते म्हणाले. "चोवीस मजली आहे." काकूंचा जीव भांड्यात पडला. त्यांनी आनंदाने त्यांना आणखी भात वाढला.

इथपर्यंत सगळं सुरळीत होतं. पुढचं काकूंच्या खोडीमुळे झालं.

एके सकाळी शेगडीमागच्या भिंतीचा आणखी एक पोपडा थेट भाजीत पडला. काकूंनी आधी भाजीकडे पाहिलं, मग भिंतीकडे, मग टॅबकडे, आणि त्यांच्या डोक्यात किडा वळवळला. आपल्या फोरमनला त्याच्याच पद्धतीने लाल बटण दाखवावं. त्यांनी भिंतीचा फोटो काढला. टॅब विचारू लागला, कुठली भिंत? काकूंनी मजला न पाहताच यादीत "स्वयंपाकघर, ओट्यामागची भिंत" शोधलं आणि फोटो तिथे टाकला. आता लाल दाबायचं, तेवढ्यात शेजारी दूध उतू गेलं. एका हाताने गॅस बंद करताना दुसऱ्या हाताचा अंगठा पडला तो हिरव्यावर.

दूध पुसून त्यांनी वळून पाहिलं. टॅब सांगत होता: सातवा मजला, स्वयंपाकघर, ओट्यामागची भिंत. मंजूर.

दिलेली मंजुरी परत घ्यायची सोय मॅडमच्या यंत्रात नव्हती. काकूंनी सगळी बटणं दाबून पाहिली. जेवणाच्या आत मुख्य ऑफिसचा निरोप आलासुद्धा, लाल अक्षरांत. असं भीषण काम मंजूर झालंच कसं? फोरमनने आजच्या आज भिंत दुरुस्त करून घ्यावी, स्वतः त्या भिंतीजवळ उभं राहून फोटो पाठवावा. नाहीतर पुढच्या साईटसाठी त्याचा विचार होणार नाही.

काकूंनी काकांना फोन लावला. "अहो, ऐका. सातव्या मजल्यावर जा, स्वयंपाकघरात ओट्यामागच्या भिंतीशी उभे राहा, कोणालातरी फोटो काढायला सांगा आणि मला पाठवा."

"का?"

"माझ्या हातून जरा घोळ झालाय. तिथली भिंत चांगलीच आहे, तुम्ही फक्त उभे राहायचंय. दोन मिनिटांचं काम."

पलीकडे सिमेंटचा मिक्सर घरघरत होता. काका म्हणाले, "जातो."

फोटो येईना. काकूंनी पुन्हा फोन केला. जातो म्हणाले. पुन्हा केला, तर उचलला नाही. तोपर्यंत सातव्या मजल्यावर काय चाललं होतं ते काकूंना नंतर कळलं. ऑफिसचा निरोप वाचून गवंड्यांची अख्खी टोळी त्या भीषण भिंतीचा शोध घेत होती आणि चांगली भिंत टकटक वाजवून पाहत होती.

शेवटी फोटो आला. काका भिंतीजवळ उभे, अगदी ताठ, पासपोर्टला काढतात तसे. काकूंचं बोट पाठवायच्या बटणावर गेलं आणि तिथेच थांबलं. काकांच्या खांद्यामागे खिडकी होती. खिडकीत ट्रकचं चाक होतं.

सातव्या मजल्याच्या खिडकीतून ट्रकचं चाक कसं दिसेल? काकूंना आधी हसू आलं. कामचुकारपणा करावा तर निदान दुसऱ्या खिडकीत तरी करावा. मग हसू गेलं. त्या खुर्चीवर बसल्या आणि मागचे फोटो उघडून पाहू लागल्या. सावलीवाले फोटो सगळे तळमजल्याचे आणि पहिल्याचे. पहिल्याच्या वर सावली कुठेच नाही. वर सगळीकडे तो काळ्या नखाचा अंगठा. टॅब आल्यापासून हेच होतं, आणि काकूंनी भिंती पाहिल्या, कोपरे पाहिले, नवरा कुठे उभा आहे ते काही पाहिलं नाही.

त्यांनी गॅस बंद केला, टॅब काखोटीला मारला आणि बस पकडली.

साईटच्या दारावरच्या माणसाने त्यांना विचारपूस करून हेल्मेट दिलं. ते भुवयांवर येत होतं. काकू पहिल्यांदाच ती इमारत बघत होत्या, आणि तरी त्यांना सगळं ओळखीचं होतं. हा खांब आपण दोनदा परत करायला लावला. ही भेग गेली वाटतं. एक गवंडी पाणी पीत उभा होता. काकूंनी त्याच्या हातातल्या पेल्याकडे पाहिलं. अंगठ्याचं नख काळं.

"अंगठा तुमचाच होय?" काकू म्हणाल्या. "फोटो काढताना जरा बाजूला घेत जा. जेवलात का?"

हा गवंडी साईटवर गप्प्या म्हणून प्रसिद्ध होता, कारण तो बोलायचाच नाही. त्याने काकूंकडे टक लावून पाहिलं. मग त्याला सगळं कळलं असावं, कारण त्याने पेला खाली ठेवला, डोक्यावरचं हेल्मेट काढलं आणि त्याच काळ्या अंगठ्याने जिन्याकडे खूण केली.

काका दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधल्या पायरीवर बसले होते. जिन्याला अजून कठडा नव्हता, म्हणून ते भिंतीला घट्ट चिकटून बसले होते. हेल्मेट मांडीवर होतं आणि केस घामाने ओले झाले होते. काकूंना पाहून ते उठायला गेले आणि पुन्हा बसले.

"चक्कर येते," ते म्हणाले. "पाय मोडला तेव्हापासून. वर गेलं की पायाखालची फळी हलतेय असं वाटतं. हलत नसते. मला माहीत आहे ती हलत नाही, पण पाय ऐकत नाहीत."

काकू शेजारी बसल्या. "मग सांगायचं ना."

"कुणाला सांगू? यांना? भोंगा घाबरतो म्हणून? आणि तुला सांगावं तर तू ताईकडे जाणार."

काकूंना ते बोलणं आठवायला क्षणभर लागला, आणि आठवलं तेव्हा त्यांना फार वाईट वाटलं. एवढं वाईट त्यांना पायाच्या वेळीही वाटलं नव्हतं.

"टॅब आला तेव्हा म्हटलं, सुटलो," काका म्हणाले. "टॅब जमला नाही म्हणून घरी बसण्यात लाज नाही. कितीतरी म्हाताऱ्यांचं तेच होतंय. मी नापास व्हायला बसलो होतो गं. तू मला पास करत राहिलीस."

काकूंना हसू फुटलं. तोंडावर पदर धरला तरी आवरेना. काका आधी रागावून बघत राहिले आणि मग तेही हसू लागले, आणि तो भोंगा जिन्यातून थेट गच्चीपर्यंत घुमला. वरची टोळी भिंत वाजवायची थांबली.

तेवढ्यात मॅडम जिना चढून आल्या. हातात फोन, फोनवर तोच भिंतीचा फोटो, मोठा करून.

"साहेब, मला एकच सांगा," त्या धापा टाकत म्हणाल्या. "सातव्या मजल्यावर झारा कोणी टांगला?"

"झारा आमचा," काकू म्हणाल्या. "भिंतही आमचीच. आणि सगळी बटणंही मीच दाबलीत. यांचा त्यात काही दोष नाही, यांना ते यंत्र चालू कसं करायचं तेही माहीत नाही."

मॅडमचा चेहरा पाहण्यासारखा झाला. त्यांना एकदम ते भाषण आठवलं असणार, पडद्यावर काकांचा फोटो आणि स्वभाव बदलल्याच्या गप्पा. त्या पायरीवरच बसल्या. "म्हणजे 'जेवलात का' हे तुम्ही?" त्यांनी विचारलं. काकूंनी मान हलवली. "मला वाटलं ते माझ्या ट्रेनिंगमुळे," मॅडम म्हणाल्या, अगदी बारीक आवाजात. काकूंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

मुख्य ऑफिसने मॅडमना बोलायचं ते बोलून घेतलं. काकांना घरी पाठवलं, मानाने, आणि त्यांच्या जागी टॅब चालवणारा एक नवा फोरमन आणला. तो नुसती बटणं दाबायचा. आठवड्याभरात फोटो यायचे कमी झाले. कोणी विचारलं तर कामगार म्हणायचे, नेटवर्क नाही. मग एका दुपारी मॅडम काकूंच्या घरी आल्या. चहा घेतला, शेगडीमागची भिंत डोळ्यांनी पाहिली, झाऱ्याला हात लावून पाहिला आणि म्हणाल्या, "काकू, साईटवरच्या ऑफिसात बसाल का?"

काका दारात खुर्ची टाकून बसलेच होते. काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. "जा," ते म्हणाले. "इथलं मी बघतो."

हेच तर ऐकायची काकूंना इतके दिवस धास्ती होती.

आता काकू रोज सकाळी डबा घेऊन साईटवर जातात. पत्र्याच्या खोलीत पंख्याखाली टेबल आहे, टेबलावर टॅब. गप्प्या अंगठा बाजूला घ्यायला शिकलाय. वरचे मजले नवा फोरमन चढतो, आणि तोही जेवलाय की नाही हे काकूंना माहीत असतं.

काल दुपारी नेहमीचे फोटो बघत असताना मध्येच एक वेगळा आला. शेगडीमागची भिंत. पोपडे गेले होते. ओल खरवडून, नवा गिलावा करून, वर घोटून अशी गुळगुळीत केली होती की काकूंनी तो फोटो मोठा करून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पाहिला आणि कुठे बोट ठेवायला जागा सापडेना. झारा पुन्हा खिळ्यावर होता. आणि भिंतीवर तिरकी पडलेली सावली होती, घरात कशाला घातलं होतं देव जाणे, पण हेल्मेटसकट. काकूंना भरून आलं. त्यांनी डोळे पुसले आणि अंगठा हिरव्या बटणावर नेला.

मग त्यांचं लक्ष फोटोच्या कडेला गेलं. फळीवरचे सगळे डबे उंचीप्रमाणे लावलेले होते.

काकूंनी लाल बटण दाबलं. पुन्हा करा. खाली लिहिलं, "भिंत छान. डबे होते तसे ठेवा. जेवलात का?"